लॉर्ड कर्झन यांचे चरित्र खान्देशात बसून कसे लिहावे

हिंदुस्थानचे एकेकाळचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हे नाव आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही १९०५ च्या वंगभंगामुळे, म्हणजे बंगालच्या फाळणीमुळे, ठाऊक असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती ओळख तेथेच थांबते. महाविद्यालयाचा प्रकल्प असो, वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण असो किंवा दिवाळी अंकासाठीचा लेख असो, कर्झन यांच्यावर लिहायला बसलेला माणूस पहिल्या पानावर फाळणी लिहितो, दुसऱ्या पानावर त्यांना गर्विष्ठ ठरवतो आणि तिसऱ्या पानावर त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरत नाही. मी अनेक वर्षे खान्देशातील एका लहान अभ्यासवर्गात असे लेख वाचत आणि दुरुस्त करत आलो आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रज उमरावाचे चरित्र जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा अमळनेर येथे बसूनही नीट लिहिता येते, किंबहुना येथे बसून लिहिण्याचा काही लाभही आहे, अशी माझी खात्री झालेली आहे. ते कसे लिहावे, हे येथे क्रमाने सांगतो.

लेखणी हातात घेण्यापूर्वी आपल्या लेखाला एक प्रश्न असला पाहिजे. कर्झन चांगले होते की वाईट, हा प्रश्न चरित्राला पुरत नाही, कारण त्याचे उत्तर आपण आधीच ठरवलेले असते. मी अभ्यासवर्गात जो प्रश्न देतो तो असा: वारशाने आलेली वस्तू प्राणपणाने सांभाळणाऱ्या या माणसाला, ज्यांच्यासाठी ती सांभाळायची त्यांचे मत घ्यावे असे का वाटले नसेल? हा प्रश्न मनाशी धरला म्हणजे त्यांचे घर, शिक्षण, प्रवास, कलकत्त्यातील सात वर्षे आणि पंतप्रधानपद हुकण्याचा प्रसंग ही सगळी प्रकरणे एका दोऱ्यात ओवता येतात.

घर आणि पदव्या आधी समजून घ्याव्यात

जॉर्ज नॅथॅनियल कर्झन यांचा जन्म ११ जानेवारी १८५९ रोजी इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात केडलस्टन हॉल या वाड्यात झाला. त्यांचे वडील चौथे बॅरन स्कार्सडेल होते आणि शिवाय धर्मोपदेशकही होते. अकरा भावंडांत जॉर्ज हे दुसरे अपत्य आणि थोरले पुत्र होते. केडलस्टनची जमीन या घराण्याकडे बाराव्या शतकापासून होती आणि ‘कर्झनांनी जे राखले ते कर्झनांनी राखावे’ अशा अर्थाचे त्यांचे कुलवचन होते. सध्याचा वाडा १७५९ नंतर उभा राहिला. त्या वेळी आड येणारे जुने गाव हलवण्यात आले आणि मूळ जागी केवळ चर्च राहिले. ही गोष्ट लेखात अवश्य घ्यावी. वाडा सुंदर व्हावा म्हणून गाव सरकले, आणि त्या वाड्यात हा मुलगा वाढला.

खान्देशी वाचकाला हे समजावताना गावोगावच्या गढ्यांची आठवण देण्याचा मोह होतो आणि तो काही अंशी योग्यही आहे. परंतु देशमुखाची किंवा जहागीरदाराची गढी आणि इंग्रज उमरावाचा वाडा यांत एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे बाप गेला की भावांत हिस्सेवाटणी होते, दोन पिढ्यांत सातबाऱ्यावरील नावे वाढतात, शेताचे बांध वाढतात आणि गढीच्या एकेका खणात एकेक चूल पेटते. इंग्रज उमरावांमध्ये जमीन, वाडा आणि पदवी अखंड स्वरूपात थोरल्या मुलाकडे जात असे. धाकट्यांनी सैन्य, चर्च, वकिली किंवा वसाहतींतील नोकरी धरावी, अशी रीत होती. त्यामुळेच शेकडो वर्षे एकच वाडा एकाच नावाने उभा राहतो आणि थोरल्या मुलाच्या मनावर लहानपणापासूनच बिंबते की आपण मालक नसून राखणदार आहोत. कर्झन यांच्या पुढील आयुष्यातील कितीतरी गोष्टी या एका रीतीतून उलगडतात, म्हणून येथे घाई करू नये. एक संपूर्ण पान खर्च झाले तरी चालेल.

पदव्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ होतो. बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस आणि ड्यूक ही खालून वर जाणारी पाच पायऱ्यांची शिडी आहे. कर्झन १८९८ मध्ये बॅरन, १९११ मध्ये अर्ल आणि १९२१ मध्ये मार्क्वेस झाले; वडिलांच्या निधनानंतर १९१६ मध्ये स्कार्सडेलची पदवीही त्यांच्याकडे आली. यांतील १८९८ ची पदवी आयर्लंडच्या उमरावांच्या यादीतील होती, आणि त्यामागे हिशेब होता. इंग्लंडचा उमराव झालेल्या माणसाला निवडणूक लढवून कॉमन्स सभेत बसता येत नसे, परंतु आयर्लंडच्या उमरावाला ती वाट मोकळी होती. हिंदुस्थानातून परतल्यावर कॉमन्स सभेत जाऊन पुढे पंतप्रधान होता यावे, म्हणून एकोणचाळीस वर्षांच्या कर्झन यांनी ही पदवी पत्करली. हे टिपण वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे, कारण १९२३ च्या प्रसंगाची किल्ली यातच आहे.

भाषेचाही प्रश्न येथेच सोडवावा. ‘हाउस ऑफ लॉर्ड्स’साठी उमरावसभा हा जुना आणि चांगला शब्द आपल्याकडे आहे. ‘हाउस ऑफ कॉमन्स’ला मात्र लोकसभा म्हणू नये, वाचक दिल्लीकडे पाहू लागतो, कॉमन्स सभा म्हणावे. दुसरा प्रश्न एकवचनाचा. मराठीत परकीय राज्यकर्त्याला ‘कर्झनने केले’ आणि आपल्या नेत्याला ‘गोखले यांनी केले’ असे लिहिण्याची सवय जुनी आहे. तिच्यामागील राग मी समजू शकतो, तरीही चरित्रलेखात सर्वांना एकच रूप द्यावे असे माझे ठाम मत आहे. क्रियापदातून आपण निर्णय देऊ लागलो की पुराव्यातून निर्णय देण्याची गरज वाटेनाशी होते.

बालपण, शिक्षण आणि प्रवास

बालपणात पॅरामन नावाच्या गव्हर्नेसबाईंचा छळ येतो. मुलांना मारणे, खोटे आरोप कबूल करायला लावणे, अपमानकारक शब्द लिहिलेली निमुळती टोपी घालून लोकांसमोर फिरवणे, असे प्रकार त्या करीत, हे कर्झन यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. हे वाचून कित्येक विद्यार्थी ‘म्हणून ते कठोर झाले’ असा निष्कर्ष काढतात. तसे करू नये. अकरा भावंडांतील इतर मुलेही त्याच हाताखाली वाढली होती. प्रसंग सांगावा, परिणाम सिद्ध करण्याचा हट्ट धरू नये. पाठीच्या दुखण्याचे मात्र तसे नाही. १८७८ मध्ये त्यांच्या पाठीच्या कण्याची व्यथा उघड झाली आणि पुढे आयुष्यभर शरीराला आधार देणारा ताठ पट्टा बांधून त्यांना वावरावे लागले. लोकांना जो ताठा दिसे, त्यात या पट्ट्याचा वाटा होता. आणि रात्र रात्र जागून फायली लिहिण्याच्या सवयीत या वेदनेचा वाटा होता. येथे कार्यकारणभाव शरीराचा आहे, म्हणून तो लिहिता येतो.

ईटन शाळा, ऑक्सफर्डचे बॅलिओल कॉलेज, १८८० मध्ये ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्षपद, अंतिम परीक्षेत हुकलेला पहिला वर्ग आणि तरीही १८८३ मध्ये ऑल सोल्स कॉलेजची मिळवलेली फेलोशिप, एवढे एका परिच्छेदात आटोपावे. मात्र त्यांचे मित्र कोण होते हे सोडू नये. ज्या सेंट जॉन ब्रॉड्रिक यांच्याशी बॅलिओलमध्ये मैत्री झाली, तेच पुढे भारतमंत्री म्हणून त्यांच्या विरोधात उभे राहिले. ज्या आर्थर बाल्फोर यांच्याबरोबर एकाच मित्रमंडळात त्यांच्या मेजवान्या झाल्या, तेच १९०५ मध्ये पंतप्रधान होते आणि १९२३ मध्ये राजाचे सल्लागार ठरले. त्या काळातील इंग्रजी राजकारण ही थोड्याशा घराण्यांची आणि दोन-चार शाळा-कॉलेजांची पंगत होती. त्या पंगतीचा नकाशा काढला नाही तर पुढील भांडणे निव्वळ धोरणांची वाटतात.

प्रवासासाठी खरोखरच नकाशा घ्यावा. १८८६ मध्ये साउथपोर्टमधून कॉमन्स सभेवर निवडून आल्यानंतर कर्झन यांनी १८८८ ते १८९४ या काळात मध्य आशिया, इराण, सयाम, कोरिया, अफगाणिस्तान आणि पामीर पालथे घातले. इराणवर दोन खंडांचा ग्रंथ त्यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केला आणि पामीरच्या शोधकार्यासाठी १८९५ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. वडिलांच्या पैशांवर मौज करणारा उमरावपुत्र हे चित्र येथे टिकत नाही. हा माणूस पट्टा बांधून घोड्यावर बसे आणि रोज टिपणे लिही. त्याच वर्षी, २२ एप्रिल १८९५ रोजी, शिकागोचे धनाढ्य व्यापारी लेव्ही लायटर यांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. जुन्या वाड्यांना अमेरिकी संपत्तीचा आधार मिळण्याचा तो काळ होता आणि लायटर यांच्या पैशाशिवाय व्हाइसरॉयपदाचा थाट त्यांना पेलला नसता, हे लिहिण्यात काहीही वावगे नाही. परंतु त्या दोघांच्या पत्रांतून दिसणारी माया खरी होती, हेही त्याच परिच्छेदात यावे.

कलकत्त्याची सात वर्षे खान्देशातून कशी पाहावीत

६ जानेवारी १८९९ रोजी कर्झन यांनी व्हाइसरॉयपद स्वीकारले आणि १८ नोव्हेंबर १९०५ रोजी ते सोडले. कलकत्त्याच्या ज्या राजवाड्यात ते राहायला आले, त्याचा आराखडा शंभर वर्षांपूर्वी केडलस्टन हॉलच्या धर्तीवरच केलेला होता. आपल्याच घराच्या प्रतिकृतीत राहून राज्य करण्याचा हा योग इतिहासात विरळा आहे.

या सात वर्षांतील कामांची यादी इतकी लांब आहे की ती उतरवून काढली तर लेख सरकारी अहवालासारखा होतो. त्याऐवजी एक मोठा कागद घेऊन त्याचे दोन स्तंभ करावेत. डावीकडे कलकत्ता व लंडन, उजवीकडे खान्देश. डाव्या स्तंभात ज्या नोंदीसमोर उजवीकडे काहीतरी खरे लिहिता येते, ती नोंद विस्ताराने घ्यावी; जिच्यासमोर जागा रिकामी राहते, ती एका वाक्यात संपवावी. १९०१ चा वायव्य सरहद्द प्रांत आणि १९०३-०४ ची तिबेटची मोहीम या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी आहेत.

पहिली मोठी नोंद दुष्काळाची. विक्रम संवत १९५६ मधील, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘छप्पन्नचा’ म्हणून येई. मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांना त्याची कठोर झळ बसली, त्यांत खान्देश होता, आणि प्लेगची धास्ती त्याच वर्षांत होती. जुलै १९०० च्या सुमारास देशभरात साठ लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. त्या काळी एवढी मोठी मदतयंत्रणा जगात क्वचितच उभी राहिली असेल, हे मान्य करावे. त्याच वेळी उधळ्या परोपकाराने सरकारी तिजोरी धोक्यात आणता येणार नाही, अशी कर्झन यांची स्पष्ट भूमिका होती. मदतीच्या कामावर येणारा माणूस खरोखर गरजू आहे की नाही याच्या कसोट्या कडक ठेवण्यात आल्या. खडी फोडण्याच्या कामावर जाऊन दिवसाची मजुरी मिळवणाऱ्या कुटुंबाला या कसोट्यांचा अर्थ काय वाटला असेल, हे सांगणे आपल्या लेखाचे काम आहे. त्यासाठी घरातील वृद्धांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी टिपाव्यात, पण ती आठवण म्हणूनच मांडावी. कोण बोलले, कोणाकडून ऐकले, गाव कोणते, हे टिपणात असावे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा. म्हणजे या दुष्काळात त्या विशीच्या उंबरठ्यावर, जळगावात सासरी नांदत होत्या. अशी एक ओळख उजव्या स्तंभात लिहिली की वाचकाला तो काळ हाताशी वाटतो.

दुसरी नोंद मिठाची आणि ती बहुतेक लेखांतून सुटते. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये आणि १९०५ मध्ये दीड रुपया झाला. ज्या घरात भाकरीबरोबर ठेचा आणि मीठ एवढेच असे, त्या घरासाठी कलकत्त्यातील अंदाजपत्रकातील ही ओळ फाळणीइतकीच खरी होती. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदाही याच प्रकारचा. सावकाराच्या वहीला पर्याय म्हणून गावातील शेतकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहून पतपेढी काढावी, ही त्यामागची कल्पना होती, आणि आज खान्देशात गावोगावी दिसणाऱ्या विविध कार्यकारी सोसायट्यांची कायदेशीर वंशावळ त्या कायद्यापर्यंत जाते. हे श्रेय देताना हात आखडू नये.

तिसरी नोंद स्मारकांची, आणि येथे सावध राहावे लागते. कर्झन यांनी १९०२ मध्ये जॉन मार्शल यांना पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून आणले आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा केला. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने यावरून ‘कर्झन यांच्या कायद्याने अजिंठा वाचला’ असे वाक्य लिहिले. जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेली लेणी आपल्याला घरचीच वाटतात, त्यामुळे चूक स्वाभाविक होती. पण अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता. तिला मी चाळीसगावजवळील पाटण्याच्या मंदिराकडे वळवले. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख जेथे सापडला, ते हे ठिकाण ब्रिटिश मुलखात होते. साक्री तालुक्यातील बलसाण्याची मंदिरेही तशीच. कायदा कोठे लागू होता आणि कोठे नव्हता, एवढे तपासले असते तर लेख आपोआप घराजवळ आला असता. येथेच आपला मूळ प्रश्नही पुन्हा भेटतो: दगडी वारसा जपण्याची जी कळकळ त्यांना केडलस्टनने दिली, तीच ताजमहालाच्या बागेत आणि पाटण्याच्या भिंतीपाशी दिसते.

दुसरी अशीच चूक खान्देशाच्या विभाजनाची. जुना एकसंध खान्देश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली. बंगाल तोडणाऱ्यानेच खान्देशही तोडला, असे वाक्य भाषणात टाळ्या मिळवते. पण १९०६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो होते. तारखेने न पटणारे वाक्य कितीही आकर्षक असले तरी काढून टाकावे. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ मध्ये देह ठेवला आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या भूमीत बसून आपण साधनांवाचून विधान करू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. जिल्ह्याची जुनी स्थिती पाहण्यासाठी १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, म्हणजे खान्देशाचा खंड, जवळ ठेवावा. तो कर्झन यांच्या आधी वीस वर्षांचा आहे, हे मात्र विसरू नये.

आता लोकमताची बाजू. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सिनेटमधील सभासदांची संख्या मर्यादित झाली आणि त्यांतील बहुसंख्य सरकारने नेमावेत असे ठरले. खान्देशात तेव्हा महाविद्यालय नव्हते; येथील मुलगा पुण्याला किंवा मुंबईला जाऊन शिके, आणि त्याच्या शिक्षणाचा दर्जा वाढावा ही कर्झन यांची इच्छा प्रामाणिक होती. परंतु तो दर्जा ठरवण्यात शिकलेल्या हिंदी लोकांचा वाटा कमी करण्यात आला. वरिष्ठ कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी या विधेयकाला मुद्देसूद विरोध केला. ज्या गोखल्यांना कर्झन यांच्याच कारकिर्दीत सी. आय. ई. हा किताब मिळाला, त्यांनीच डिसेंबर १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून कर्झन यांच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. संयमासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने एवढी कठोर उपमा का वापरली असेल, याचा शोध घेतला की टिळकांच्या ‘केसरी’तील भाषाही वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

चरित्रनायकाचे बोल त्याच्याच लिखाणावर घासून पाहावेत, याचा उत्तम नमुना त्याच वर्षीचा आहे. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कर्झन यांनी सत्यनिष्ठेची थोरवी ही मुख्यतः पाश्चात्त्य कल्पना असल्याचे सुचवले. लगोलग ‘अमृत बझार पत्रिके’ने त्यांच्याच प्रवासग्रंथातील उतारा छापला. कोरियातील अधिकाऱ्यावर छाप पडावी म्हणून तेहेतीस वर्षांच्या कर्झन यांनी आपले वय चाळीस सांगितल्याचे त्यात त्यांनी स्वतःच लिहिले होते. वृत्तपत्राला विशेषण वापरण्याची गरज पडली नाही. आपणही हेच तंत्र वापरावे.

याच्या उलट बाजूची एक घटना आहे आणि तीही तितक्याच जागेने द्यावी. १९०२ मध्ये सियालकोट येथे नाइन्थ लान्सर्स या गोऱ्या पलटणीच्या सैनिकांच्या मारहाणीत एका हिंदी स्वयंपाक्याचा मृत्यू झाला आणि गुन्हेगार पुढे आणले जाईनात. कर्झन यांनी सर्व पलटणीला शिक्षा केली. १९०३ च्या दिल्ली दरबारात तीच पलटण समोरून गेली तेव्हा जमलेल्या युरोपियनांनी मुद्दाम तिचा जयजयकार केला आणि व्हाइसरॉय निश्चल बसून राहिले. त्यांच्या न्यायबुद्धीबद्दल मला आदर वाटतो तो या प्रसंगामुळे. ती न्यायबुद्धी मालकाची होती, आपल्या आश्रयाखालील माणसाला कोणी हात लावू नये अशी. त्या माणसाला कारभारात जागा असावी, येथपर्यंत ती पोहोचली नाही.

वंगभंगाला एवढ्या तयारीनंतर यावे. सुमारे पावणेआठ कोटी लोकसंख्येचा प्रांत कारभाराला अवजड होता, हे कारण खरे होते. बंगाली सुशिक्षितांच्या राजकीय बळाचे तुकडे करावेत हा हेतूही सरकारी टिपणांतून दिसतो. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी फाळणी अमलात आली आणि १९११ मध्ये ती रद्द झाली. परंतु कर्झन यांनी राजीनामा दिला तो फाळणीमुळे नव्हे. व्हाइसरॉयच्या मंडळातील लष्करी सभासदाच्या अधिकारावरून सेनापती किचनर यांच्याशी त्यांचा वाद झाला, लंडनने किचनर यांची बाजू घेतली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला. हे दोन प्रसंग एकमेकांत मिसळलेले लेख मी इतक्या वेळा पाहिले आहेत की लेख पूर्ण झाल्यावर केवळ या एका ठिकाणासाठी तो पुन्हा वाचावा, असे सांगावेसे वाटते.

१९०५ नंतरची वीस वर्षे

मराठी लेखांतील कर्झन मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत बसतात आणि नाहीसे होतात. वास्तविक ते पुढे वीस वर्षे जगले आणि उमराव म्हणून त्यांची खरी परीक्षा याच काळात झाली. १८ जुलै १९०६ रोजी मेरी यांचे निधन झाले. १९०७ मध्ये ते ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कुलपती झाले आणि १९०८ मध्ये आयर्लंडच्या उमरावांचे प्रतिनिधी म्हणून उमरावसभेत गेले. कॉमन्स सभेत परतण्यासाठी जपलेली वाट त्यांनी अशा रीतीने स्वतःच बंद केली. १९११ मध्ये उमरावसभेचे अधिकार कमी करणारे विधेयक आले, तेव्हा आधी विरोध करून अखेरीस त्यांनी ते मंजूर होऊ देण्याच्या बाजूने वजन टाकले. स्त्रियांना मताधिकार मिळू नये यासाठी झटणाऱ्या संघटनेचे ते अध्यक्ष होते, पण १९१८ मध्ये मतदानाच्या वेळी त्यांनी तटस्थ राहणे पत्करले. पराभव दिसू लागला की तलवार म्यान करण्याचे व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी होते, हे या दोन उदाहरणांतून दाखवता येते.

महायुद्धात ते युद्धमंत्रिमंडळात होते. २० ऑगस्ट १९१७ ची माँटेग्यू यांची घोषणा आपण शाळेत शिकतो. तिच्यातील ‘जबाबदार राज्यपद्धती’ हे शब्द कर्झन यांनी घातलेले आहेत. ज्यांनी हिंदी लोकमताला जागा नाकारली, त्यांच्याच हातून असे शब्द जावेत, यावर एक परिच्छेद विचारपूर्वक लिहावा. त्या शब्दांचा अर्थ आपल्याकडे पुढे जितका विस्तारला, तितका त्यांच्या मनात होता असे म्हणता येत नाही. १९१९ ते १९२४ या काळातील परराष्ट्रमंत्रिपद, पोलंडच्या सीमेला ‘कर्झन रेषा’ म्हणून चिकटलेले त्यांचे नाव आणि तुर्कस्तानशी तह करण्यासाठी भरलेली लोझानची परिषद यांचा उल्लेख पुरे.

१९२३ चा मे महिना मात्र सावकाश सांगावा. पंतप्रधान बोनर लॉ यांनी आजारपणामुळे राजीनामा दिला तेव्हा कर्झन सॉमरसेटमधील माँटेक्यूट येथे होते. राजाच्या चिटणिसांची भेटीसाठी बोलावणारी तार आली आणि पद आपल्यालाच मिळणार या खात्रीने ते लंडनला निघाले. तेथे त्यांना कळले की स्टॅन्ली बॉल्डविन यांची निवड झाली आहे. बाल्फोर यांनी राजाला दिलेला सल्ला असा होता की पंतप्रधान कॉमन्स सभेत असावा; मजूर पक्ष हा प्रमुख विरोधी पक्ष झाला होता आणि उमरावसभेत त्याचे जवळजवळ कोणीच नव्हते. कर्झन यांच्या स्वभावाविषयीची नाराजीही या निर्णयात होती. १८९८ चे ते वेगळ्या कागदावरील टिपण येथे काढून शेजारी ठेवावे. पंचवीस वर्षांपूर्वी या माणसाने जी अडचण ओळखली होती, तिच्यामुळेच त्यांचे पद गेले. तरीही बॉल्डविन यांच्या हाताखाली परराष्ट्रमंत्री म्हणून काम करणे त्यांनी मान्य केले.

२० मार्च १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या दोन स्तंभांच्या कागदावर त्या तारखेसमोर लिहिण्याजोगी नोंद अशी की, कर्झन यांनी व्हाइसरॉयपद स्वीकारले त्या १८९९ साली जन्मलेले साने गुरुजी तेव्हा अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते.

शेवटचे पान वारशाविषयी असावे. टॅटर्शल आणि बोडियम हे मोडकळीस आलेले किल्ले कर्झन यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन दुरुस्त केले आणि मृत्युपत्राने राष्ट्राच्या ठेव्यात जमा केले. केडलस्टनच्या चर्चमध्ये मेरी यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. त्यांना आयरीन, सिंथिया आणि अलेक्झांड्रा या तीन मुली होत्या, मुलगा नव्हता. त्यामुळे मार्क्वेस ही पदवी त्यांच्याबरोबर संपली आणि केडलस्टनचा वाडा पुतण्याकडे गेला. मधली मुलगी सिंथिया १९२९ मध्ये निवडणूक लढवून कॉमन्स सभेत गेली, आणि ती मजूर पक्षाकडून.